काळी एक अखेर बोलली

माझ्या बेस गिटारच्या जी तारेचा सहावा फ्रेट (दांड्यावरची आडवी धातूची पट्टी) बोलायला लागला, मंडळी! ट्रस रॉड (दांड्यातली सळई), ॲक्शन (तारांची उंची), नव्या तारा हे सगळं मागच्या नोंदीपर्यंत करून झालं होतं, तरी त्या फ्रेटवरची काळी एक (C#) छेडली की 'धुम्' करून जागच्या जागी विझायची. शेजारची पांढरी एक आणि पांढरी दोन मात्र मस्त लांबायच्या. त्यात आमच्या गायकाची पट्टीच काळी एक. म्हणजे नेमका षड्जच मुका!

ठाण्यातल्या एका दुकानदाराने फ्रेट घासून घ्यायला सांगितलं होतं. मला ते पटेना. फ्रेट वर-खाली असता तर तार खडखडली असती; इथे सूर स्वच्छ उमटतो आणि लगेच विरतो. तोच सूर डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर व्यवस्थित टिकतो. मग दुखणं नेकचंच, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याचं. ही काळी एक म्हणजे 138.6 हर्ट्झ. नेकची स्वतःची थरथर त्याच्या आसपास आली की तारेतली ताकद नेक पिऊन टाकतो. फेंडर कंपनीच्या धाटणीच्या बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान हे बऱ्याचदा होतं, नवा-जुना भेद नाही.

हेडस्टॉकचं, म्हणजे चाव्या असतात त्या डोक्याचं, वजन वाढलं की नेकची कंपनसंख्या उतरते. म्हणून जांभळी नाक्यावरून छोटा लोखंडी क्लॅम्प आणला आणि खाली चामड्याचा तुकडा घालून आवळला. नटजवळ (नेक आणि हेडस्टॉकच्या सांध्याशी) काही फरक नाही. टोकाकडे सरकवत गेलो तशी काळी एक लांबायला लागली. प्रत्येक जागेवर रेकॉर्ड करून लॅपटॉपवर लहरी शेजारी-शेजारी लावून पाहिल्या. अगदी टोकाला काळी एक छान टिकते, पांढरी एक किंचित आखडते. डेड स्पॉट, म्हणजे सूर विझवणारी जागा, गेलेला नाही, तो या दोन सुरांच्या मधे जाऊन बसलाय, आणि तिथे फ्रेटच नाही! त्या संध्याकाळी नुसता षड्ज वाजवत बसलो होतो. हेडस्टॉकला लावायची तयार पितळी पट्टी घेणार असाल तर आधी क्लॅम्पने जागा शोधा. माझ्या मते तेवढंच पुरतं.

नेक बदलायचा बेत अर्थातच रद्द. ग्राफाइटच्या नेकचा विचारही सोडला, जरी वाद्यरचनाकार नेड स्टाइनबर्गर यांच्या ग्राफाइटच्या, बिनडोक्याच्या (हेडस्टॉक नसलेल्या) बेसवर माझा जीव आहे.

तालमीत मात्र वेगळंच लक्षात आलं. लावणीत हा लांबलेला षड्ज ढोलकीच्या धुमेवर (खर्जाच्या बाजूवर) चढतो आणि दोन्ही गढूळ होतात. ब्रिजपाशी (तारा खालच्या टोकाला टेकतात तिथे) तारांखाली फोमचा तुकडा सरकवला आणि ठेका एकदम मोकळा झाला. फेंडरच्या जुन्या बेसमध्ये ब्रिजच्या झाकणाखाली फोम असायचाच. बेसवादक जेम्स जेमरसन यांनी तो काढला नाही, वर जुन्या फ्लॅटवाउंड (चपट्या तारेने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा, आणि मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची ती गाणी आजही त्या आखूड सुरांवर चालतात. बेसवर माझं प्रेम आहे ते यासाठी: सूर कुठे थांबवायचा हे आपल्या हातात असतं, आणि त्यावर सगळ्या गाण्याची चाल बदलते. पण त्यासाठी तो आधी टिकायला हवा. भावगीताच्या सुरुवातीला मला तोच षड्ज पूर्ण लांबीचा लागतो.

म्हणून आता फोम काढता-घालता येईल असा बसवतोय. पुढच्या तारा फ्लॅटवाउंड. क्लॅम्पमुळे बेस डोक्याकडे झुकतो, तेव्हा त्याच्या जागी जी तारेला जड चावी (सूर लावायची खुंटी) लावून बघायची आहे. कुणाकडे जुन्या धाटणीची मोठ्या पानाची सुटी चावी पडून असेल तर वजन करून कळवा. नौपाडा, कळवा, ऐरोली, कुठेही येऊन घेऊन जाईन.