मुलीला गाडी लागली आणि क्रूझचं बोर्डिंग अडलं

क्रूझवर चढण्याआधी आरोग्याचा एक फॉर्म भरावा लागतो. गेल्या 48 तासांत उलट्या, जुलाब, ताप यातलं काही झालंय का, असं त्यात विचारलं होतं आणि पुढे दोनच चौकोन होते, हो आणि नाही. मी 'हो'वर खूण केली. त्याला आता तीन महिने होऊन गेले, तरी त्या फॉर्मचा राग डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही नाशिकचे. मी, नवरा, आठ वर्षांची मनू आणि सासूबाई, असे चौघं डिसेंबरात मुंबई-गोवा क्रूझला निघालो होतो. मनूला अगदी लहानपणापासून गाडी लागते. तिला बोटही लागणार हे धरूनच मी दोन महिने तयारी करत होते. पण ओकारी झाली ती कसारा घाटात. इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झालाय, आठेक किलोमीटरच्या बोगद्यामुळे घाटाची वळणं टळतात. आमच्या ड्रायव्हरने टोल वाचवायला जुना रस्ता धरला आणि आमच्या लक्षात येईपर्यंत वळणं सुरू झाली होती. मनूने पिशवीत ओकून घेतलं, चूळ भरली, शहापूरला दोन इडल्या खाल्ल्या आणि पुढे मुंबईपर्यंत गाणी म्हणत आली.

धक्क्यावर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म पाहिला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, नाही लिहा ना. सगळे नाहीच लिहितात." मी म्हटलं, खोटं का लिहू? घाटात गाडी लागली, एवढंच झालंय, ते कुठे लिहायचं ते सांगा. त्याच्याकडे तशी जागाच नव्हती. त्याने आमचे चारही फॉर्म बाजूला काढले आणि आम्हाला भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसवलं. डॉक्टर येतील, म्हणाला.

तो प्रश्न चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. उलट्या-जुलाबाची साथ बोटीवर झपाट्याने पसरते. सगळे एकाच बुफेतले चमचे धरतात, एकाच जिन्याच्या कठड्याला हात लावतात. विचारायलाच हवं. पण ज्या धंद्यात माणसांना बोट लागणं रोजचं आहे, त्यांच्या फॉर्मवर 'प्रवासात गाडी लागली' अशी एक ओळ नसावी?

दोन वाजले. अडीच वाजले. आमच्यामागून आलेली कुटुंबं गळ्यात कार्डं अडकवून आत जात होती. मनू दर पाच मिनिटांनी विचारायची, "आई, माझ्यामुळे आपल्याला घेणार नाहीत का?" तिचे डोळे भरून आले होते. तिला काय सांगावं मला सुचत नव्हतं. वर गोळीचा घोळ वेगळाच. बोट पाचला सुटणार म्हणून मी साडेतीनला तिला अर्धी एव्होमिन, म्हणजे गाडी-बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी, देणार होते. आमच्या डॉक्टरांनी वजन बघून अर्धीच सांगितली होती आणि निघण्याच्या तास-दीड तास आधी द्या असं बजावलं होतं, कारण मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबर बाहेर पडते. पण त्या गोळीने गुंगी येते. पेंगुळलेली पोर डॉक्टरांसमोर नेली तर ती आजारीच वाटणार! मी गोळीचं पाकीट तीनदा पर्समधून काढलं आणि तीनदा परत ठेवलं.

तीन चाळीसला डॉक्टर आले. ताप आहे का, जुलाब झाले का, घरात आणखी कोणाला उलटी झाली का, एवढं विचारलं, पोट दाबून पाहिलं, सही केली. दोन मिनिटं लागली. दोन मिनिटांच्या कामासाठी अडीच तास! मी तिथेच उभ्याउभ्या मनूला गोळी दिली.

म्हणून पहिला सल्ला हाच, की मुलाला गाडी लागत असेल तर निघण्यापूर्वी तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून दोन ओळींचं पत्र घ्या: प्रवासात उलटी होण्याची सवय आहे, संसर्ग नाही. आणि तरीही फॉर्मवर खरंच लिहा.

केबिनबाबत आमचा निर्णय बरोबर ठरला याचा मला अभिमान आहे. बुकिंगवाल्याने त्याच पैशांत वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची बाल्कनीची खोली देऊ केली होती. मी नको म्हटलं. सी-सॉवर टोकाला बसलेला जास्त हलतो, मधला कमी, तसंच बोटीचं असतं. खालच्या मजल्यावर, मधोमध खोली मागा. खिडकी मात्र हवी. बंद खोलीत डोळे सांगतात सगळं स्थिर आहे आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय. त्या भांडणातूनच मळमळ होते. म्हणूनच मोबाइल नको, पुस्तक नको, डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघायचं.

सासूबाईंना काचबिंदू आहे, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांना एव्होमिन साफ नको म्हणून सांगितलं. घरातल्या मोठ्यांना परस्पर गोळ्या देऊ नका. सासूबाई मूळच्या विजयदुर्गच्या, लहानपणी आगबोटीने भाऊच्या धक्क्याला यायच्या. आवळा सुपारीची डबी त्यांनी घरूनच आणली होती. रात्री बोट हलायला लागल्यावर त्या डेकवर खुर्ची टाकून, कानाला स्कार्फ बांधून, लांबच्या मच्छीमार बोटींच्या दिव्यांवर नजर लावून बसल्या. "पोट रिकामं ठेवू नको गो," मला म्हणाल्या, "रिकाम्या पोटीच जास्त लागते." मी घाबरून जेवले नव्हते, आणि चौघांत मळमळ झाली ती मलाच. साधा वरणभात आणि आलेपाकाची एक वडी खाल्ल्यावर तासाभरात बरं वाटलं.

एक राहिलंच. मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात, त्या बॅगा आमच्या खोलीत पोचायला संध्याकाळ झाली. गोळ्या, पिशव्या, मुलाचा एक जादा कपडा हातातल्या पर्समध्येच ठेवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या किनाऱ्यावर हा बेत आखूच नका. आणि शक्य असेल तर आधी भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, एक फेरी करून बघा. आम्ही ऑक्टोबरात अलिबागला नणंदेकडे जाताना केली होती. तासाभराच्या त्या प्रवासात मनू आतल्या एसीत बसली की तिला मळमळायचं आणि वर वाऱ्यात उभी राहिली की थांबायचं, हे कळलं होतं. गोव्याला जातानाही गोळीची गुंगी चढेपर्यंत ती डेकवर आजीला चिकटूनच बसली होती. रात्रभर एकदाही उलटी झाली नाही.