अस्वलाचं मटण: तोडण्यापासून रश्श्यापर्यंत

आम्ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात राहतो. बंदुकीनं अस्वल मारायचा इथला मुख्य सीझन नोव्हेंबरात असतो आणि आमच्या शेजारचे काका दरवर्षी त्यासाठी जंगलात जातात. गेल्या सीझनला त्यांना एक काळं अस्वल मिळालं. "तोडायला मदत कर, मागची एक मांडी तुझी," असं ते म्हणाले आणि मी तयार झाले. माझं माहेर कोल्हापूरकडचं. यात्रेला दारात बकरं तोडताना लहानपणापासून पाहिलंय, त्यामुळे रक्तामांसाची भीती नव्हती. पण अस्वलाच्या मटणाला स्वतःचे काही नियम आहेत, आणि ते न पाळता कुणी हे करू नये म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी कायद्याचं सांगते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारलं तर तीन ते सात वर्षं कैद. म्हणजे मेळघाटात किंवा बुलढाण्याच्या जंगलात हा विषयसुद्धा काढायचा नाही. इथली गोष्ट वेगळी आहे. १९७०च्या दशकात या राज्यात चारेक हजार अस्वलं उरली होती, काही वर्षं शिकार पूर्ण बंद ठेवली गेली, आणि आज त्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे. परवाना काढावा लागतो, वर्षाला माणशी एकच अस्वल मिळतं, आणि मारलेलं अस्वल वनखात्याच्या तपासणी केंद्रावर न्यावं लागतं. तिथे त्याचं वजन करतात आणि वय कळावं म्हणून एक छोटा दात काढून घेतात. मटण कुणाला देता येतं, विकता मात्र येत नाही. मला हे सगळं पटतं. जनावर मोजलं जातं, त्याचा हिशोब राहतो.

आईला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "अगं, जांबुवंताची जात ती." तिच्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन गल्लीत यायचा, पोरांना त्याच्या पाठीवर बसवायचा आणि ताईतात घालायला केस द्यायचा. ती आठवण तिच्या मनात पक्की बसलीय. तिचं म्हणणं मी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. आमच्या घरात मी आणि नवरा खाणार होतो, आणि ज्यांना नको त्यांना ते चुकूनही वाढलं जाणार नाही एवढी काळजी मला घ्यायची होती.

तोडायचं काम काकांच्या गॅरेजमध्ये झालं. बाहेर हवा फ्रिजइतकी थंड होती, तरी काका घाई करत होते. अस्वलाची केसाळ कातडी आणि तिच्याखालची चरबी अंगातली ऊब धरून ठेवते, त्यामुळे कातडी लवकर उतरवली नाही तर मांडीच्या सांध्यापाशी, हाडाच्या कडेनं मटण आतून आंबायला लागतं. थंडीआधी साठवलेला चरबीचा थर माझ्या बोटांपेक्षा जाड होता, पांढरा आणि लोण्यासारखा मऊ. सुरी हातातून निसटते, म्हणून दर थोड्या वेळानं मूठ पुसून घ्यावी लागते. एक गोष्ट पहिल्यांदा करणाऱ्याला आधी सांगायला हवी: कातडी उतरली की टांगलेलं अस्वल माणसाच्या अंगासारखं दिसतं. मला क्षणभर थांबावं लागलं.

हाडं करवतीनं कापायची नाहीत, मटण हाडावरून सोडवून घ्यायचं, हे काकांनी शिकवलं. करवतीनं हाडाचा भुगा आणि मगज मटणाला लागतो आणि वास बिघडतो. पातळ सुरीनं स्नायूंच्या मधल्या पडद्यातून वाट काढत गेलं की मांडीचे मोठे गोळे आपोआप सुटे होतात. वरचा चामट पांढरा पडदा काढायचा. मांडीच्या आत चरबीत दडलेली करड्या रंगाची गाठ असते, ती न फोडता अख्खी काढायची. आणि मटणावरची चरबी शक्य तितकी सोलून वेगळी ठेवायची, कारण उग्र वास असतो तो बहुतेक चरबीला, आणि फ्रीजरमध्येही ती हळूहळू खवट होते. हे अस्वल ओक आणि बीच या जंगली झाडांखाली पडलेली फळं खाऊन माजलेलं होतं, त्यामुळे मटणाचा वास स्वच्छ होता. समुद्राकाठी माशांवर जगणाऱ्या अस्वलाचं मटण माशासारखं लागतं, असं काका सांगत होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अस्वलाच्या स्नायूंत ट्रायकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. डोळ्यांना दिसत नाहीत, वासाला कळत नाहीत. डुकराच्या मटणातल्या अळ्या पुरेसे दिवस गोठवून मरतात. पण थंड प्रदेशातल्या वन्य प्राण्यांत आढळणारी एक जात गोठवूनही जगते. २०२२मध्ये साउथ डकोटात एका कुटुंबानं कॅनडातल्या अस्वलाचे कबाब केले. मटण ४५ दिवस फ्रीजरमध्ये होतं. सहा जण आजारी पडले: ताप, अंगभर स्नायूंची वेदना, डोळ्यांभोवती सूज. त्यातल्या दोघांनी मटण खाल्लंच नव्हतं, मटणाबरोबर शिजलेल्या भाज्या तेवढ्या खाल्ल्या होत्या. पुढे ११० दिवस गोठलेल्या त्याच मटणात तपासनीसांना जिवंत अळ्या सापडल्या. हे मटण मुळातच इतकं गडद असतं की ते कच्चं राहिलंय हे त्या घरच्यांना रंगावरून कळलं नाही. खारवणं, वाळवणं, धूर देणं, मायक्रोवेव्ह, यातल्या कशाचाही भरवसा नाही. उपाय एकच: तुकड्याच्या मधोमध किमान ७१ अंश सेल्सिअस, म्हणजे १६० फॅरनहाइट.

म्हणून माझ्या स्वयंपाकघरात त्या दिवशी कोशिंबीर नव्हती. मटणाची पाटी, सुरी, पातेली वेगळी ठेवली, काम झाल्यावर गरम पाण्यानं आणि साबणानं सगळं घासलं. खाली पडलेला एकही तुकडा काकांच्या कुत्र्याला दिला नाही, त्यालाही तोच धोका असतो.

इथे आपली पद्धत कामाला आली. इकडचे लोक मटण आत गुलाबी ठेवून खातात, आपण बोटानं तुटेपर्यंत शिजवतो, आणि अस्वलाला नेमकं तेच हवं असतं. मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण आणि दही लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी कांदा तेलात लाल केला, मटण घालून त्याचं पाणी आटेपर्यंत परतलं, वर गरम पाणी घालून कुकर लावला. बकऱ्याच्या मटणाला देते त्याच्या दुप्पट वेळ दिला, कारण धागा जाड आणि जनावर वयस्क. सुकं खोबरं, तीळ, खसखस, धणे भाजून वाटण केलं आणि आईनं पाठवलेला कांदा-लसूण मसाला सढळ हातानं टाकला. वाटण घालून रस्सा पुन्हा खळखळून उकळला. मऊ झालंय हे दिसत होतं, तरी सगळ्यात जाड तुकड्यात थर्मामीटर खुपसून आकडा पाहिला. कुकरमधून आलेल्या मटणाला त्याची गरज नाही, असं कुणी म्हणेल. मी पाहणारच.

चव गोडसर, भरीव, बकऱ्यापेक्षा जड. तिखट मसाला त्याला चांगला पेलतो. सौम्य रश्श्यात तो गोडवा पुढे येईल आणि आपल्या जिभेला खटकेल, असं मला वाटतं. तांदळाच्या भाकरीबरोबर छान लागलं. मैत्रिणीच्या घरचे जेवायला येणार होते, त्यांना बोलावतानाच सांगितलं होतं काय आहे ते. तिची सासू माळकरी, त्यांच्यासाठी पिठलं-भात शेजारच्या शेगडीवर न करता आदल्या रात्रीच वेगळ्या भांड्यांत करून ठेवला.

चरबी वाया घालवली नाही. बारीक तुकडे, थोडं पाणी, मंद आच. पाणी उडून चरबी वितळेपर्यंत ढवळत राहिले आणि फडक्यातून गाळली. थंड झाल्यावर पांढरीशुभ्र आणि तुपापेक्षा मऊ झाली. काकूंनी त्यातली अर्धी 'पाय' (pie) या इकडच्या भाजलेल्या पदार्थाच्या पारीसाठी नेली, उरलेल्या चरबीत मी बटाटे परतते. मांडीचा मोठा गोळा अजून फ्रीजरमध्ये आहे. पाकिटावर "अस्वल, कच्चं, पूर्ण शिजवा" असं मराठीत आणि इंग्रजीतही लिहून ठेवलंय, घरात कुणीही ते बाहेर काढलं तरी कळावं म्हणून. त्याचा खिमा करायचाय, आणि यंत्र काकांचंच वापरणार, म्हणजे धुवायला आम्ही दोघंही असू.