पुणे ते दिल्ली विमानाने: तो 'दीड तास' विसरा

अंतर सांगणाऱ्या साइटवर पुणे-दिल्ली टाकलं तर साधारण ११५५ किलोमीटर आणि उडायचा वेळ दीड तासाच्या आत असं येतं. अंतर बरोबर आहे, वेळ मात्र साफ फसवा. नकाशावर सरळ रेघ मारायची आणि ताशी आठशेने भागायचं, एवढाच तो हिशोब. चढायला-उतरायला लागणारा वेळ, दिल्लीवर गर्दी असली की मारलेल्या घिरट्या, उतरल्यावर गेटपर्यंतचं रांगणं, यातलं काही त्यात नसतं. पुण्याच्या विमानतळाची, म्हणजे लोहगावची, धावपट्टी हवाई दलाची, त्यांची सुखोई लढाऊ विमानं उडत असतील तर आपण थांबायचं. त्यामुळे तिकिटावरचे सव्वादोन तास धरा, तेच खरे.

पण खरी वाट लागते ती जमिनीवर. मी कोथरूडहून संध्याकाळी कॅबने निघालो, बंडगार्डन पुलापर्यंत ठीक होतं आणि मग नगर रोड. शास्त्रीनगरचा सिग्नल डोळ्यासमोर हिरवा होतोय, परत लाल होतोय, आणि आमची गाडी पीएमपी बसच्या मागे तिथल्या तिथे, ड्रायव्हरने तर सरळ इंजिन बंद केलं. चेक-इन काउंटर एक तास आधी बंद होतो, मी पोचलो तेव्हा माझ्या मागे दोघंच उरले होते. इतका संताप झाला होता की विमानात झोपसुद्धा लागली नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो, संध्याकाळी पाच ते नऊच्या मध्ये नगर रोडने एअरपोर्टला जाऊच नका. कोथरूडच्या वनाज स्टेशनहून मेट्रो धरा, थेट रामवाडीला उतरा. तिथून एअरपोर्ट चार-पाच किलोमीटर, आणि नेमकं तिथेच रिक्षावाले लुटतात. परवा परत गेलो तेव्हा मला अडीचशे सांगितले, मीटर म्हटलं की तोंड फिरवतात. स्टेशनच्या दारातल्या रिक्षेत बसूच नका, रस्त्यावर थोडं पुढे चालत जा आणि चालती रिक्षा पकडा, मीटरने येतात. बॅग जड असेल तर स्टेशन ते एअरपोर्ट फीडर बसची चौकशी करा. पहाटेची फ्लाइट असेल तर मेट्रो विसरा, पहिली गाडी सहाला, पण त्या वेळी रस्ता रिकामा असतो, कॅब चालेल.

पुण्याचं नवीन टर्मिनल छान आहे, डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप) करून ठेवा, आत पटकन जाता येतं.

दिल्लीला तिकिटावर टर्मिनल बघाच. टी३ वरून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोने नवी दिल्ली स्टेशन वीसेक मिनिटांत, टी१ ला मात्र मेट्रोची मजेंटा लाइन आहे, आणि दोन्ही टर्मिनल एकमेकांपासून चालत जाण्यासारखी अजिबात नाहीत. कोथरूडचं घर ते कॅनॉट प्लेस सहा-साडेसहा तास धरा. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, तेव्हा सकाळी पोचून दुपारची मीटिंग ठेवू नका, आदल्या दिवशीच जा. आणि येताना पुण्यात बाहेर पडल्यावर कॅबसाठी एरोमॉलपर्यंत (एअरपोर्टच्या पार्किंगची इमारत) सामान ओढत जावं लागतं, तेव्हा तुम्ही तिथे पोचल्यावरच कॅब बुक करा, नाहीतर ड्रायव्हर वाट न बघता कॅन्सल करतो.