अठ्ठावीस पक्षी कमी केले तो दिवस

मी पशुसखी आहे. उमेद अभियानातून प्रशिक्षण घेतलं, आता अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातल्या चार वाड्यांमध्ये शेळ्या-कोंबड्यांचं लसीकरण, जंत पाडणं, खाद्य-पाण्याचा सल्ला असं काम करते. ही गोष्ट नोव्हेंबर 2024 मधली. विधानसभेचं मतदान होऊन दोन दिवस झाले होते, शेतांत भाताची कापणी उरकत आली होती.

त्यातल्या एका वाडीतल्या मावशींच्या सुनेचा फोन आला. "ताई, सगळ्या विकून टाकायच्या आहेत. तुम्ही एकदा या आणि आईंना सांगा."

ऐकून बरं वाटलं नाही. तीन वर्षांपूर्वी मावशींना ग्रामप्रिया जातीची पिल्लं घ्यायला मीच सांगितलं होतं. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्रात तयार झालेली ही जात परसात चांगली अंडी देते, अंडं तपकिरी असतं आणि गिऱ्हाईक ते गावरानच्या भावाने घेतं. पहिली बॅच चांगली चालली म्हणून मावशींनी दुसरी घेतली. आता खुराड्यात 53 कोंबड्या आणि 11 कोंबडे झाले होते.

मी गेले तेव्हा सूनबाईंनी वही पुढे ठेवली. शिवणकामाच्या पैशांतून खाद्याच्या बॅगा त्याच आणत होत्या, त्यामुळे आकडे त्यांना तोंडपाठ होते. 50 किलोची लेअरच्या, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीच्या, खाद्याची बॅग 1,750 रुपयांना पडत होती. मका क्विंटलला अडीच हजारांच्या आसपास गेला होता. इथेनॉलच्या कारखान्यांकडे मका जायला लागल्यापासून तो कोंबडीच्या तोंडाला महागच झाला होता. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांच्या तक्रारी पेपरात येत होत्या. परसात पन्नास कोंबड्या पाळणारी बाई ती तक्रार कुठे नेणार? ती खाद्यात कणी मिसळते.

मावशींनी तेच केलं होतं. दीड महिन्यापासून निम्मं खाद्य आणि निम्मी तांदळाची कणी. 64 पक्ष्यांना दिवसाला सुमारे सात किलो लागतं. नुसतं खाद्य घातलं तर 245 रुपये, कणी मिसळून 206. म्हणजे रोजचे जवळजवळ चाळीस रुपये वाचले. पण अंडी 26 वरून 17 वर आली होती. अंडं दहा रुपयाला जात होतं, म्हणजे चाळीस वाचवायला गेलं आणि नव्वद हातचे गेले. दिवस लहान झाला की अंडी कमी होतातच, सगळा दोष कणीचा नव्हता. पण अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात सोळा-सतरा टक्के प्रथिनं लागतात आणि कणीत आठच्या आसपास असतात. शिवाय कणीत कॅल्शियम जवळजवळ नसतंच. दोन अंडी हातात घेतली तर कवच बोटाने दबत होतं.

"सगळ्या विकायच्या नाहीत," मी म्हणाले. "खाऊन अंडं न देणाऱ्या तेवढ्या काढू."

"त्या कोणत्या हे कसं कळायचं, बाई? सगळ्या सारख्याच दिसतात," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी पुन्हा गेले. हे काम अंधारातच करावं. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती खुराड्यातल्या बांबूवरून अलगद हातात येते. दिवसा धरायला गेलं की पळापळ होते, आणि घाबरलेली कोंबडी अंडी रोखते. सूनबाईंनी टॉर्च धरला, मावशींच्या हाती लाल लोकर. जी ठेवायची तिच्या पायाला लाल धागा, जी जायची ती डालग्यात.

कोंबडीच्या मागच्या बाजूला दोन टोकदार हाडं असतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या त्या हाडांमध्ये दोन-तीन बोटं सहज बसतात, अंडं थांबलेल्या कोंबडीत एक बोटही मुश्किलीने जातं. अंड्याची वाट अंड्यावरच्या कोंबडीची ओलसर, रुंद, फिकट असते. बंद पडलेलीची कोरडी, आवळलेली. तुरा एकीचा लाल, ऊबदार, दुसरीचा आकसलेला. मी एकेक कोंबडी सूनबाईंच्याही हातात दिली. पाचव्या कोंबडीपासून त्या माझ्याआधी सांगायला लागल्या.

त्यांना सगळ्यात नवल वाटलं ते पिसांचं. चकचकीत, भरल्या पिसांच्या देखण्या कोंबड्या डालग्यात जात होत्या आणि शेपटीची पिसं मोडलेल्या, पिवळे पाय फिके पडलेल्या, ओबडधोबड कोंबड्यांना लाल धागा बांधला जात होता. रोज अंडं घालणारीचा पायांतला पिवळा रंग अंड्यातल्या बलकात उतरतो, आणि अंगावर नवी पिसं यायला तिच्याकडे काही उरत नाही. मावशी एकेकीला धागा बांधताना काहीतरी पुटपुटत होत्या.

आठ कोंबड्या पिसं झाडत होत्या. त्यांचं अंडं आत्ता बंदच असणार, म्हणून त्यांना मी पांढरा धागा बांधला. महिनाभराने पाहू म्हटलं. 24 लाल. उरलेल्या 21 डालग्यांत. नरांचं सोपं होतं. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो, म्हणून तीन ठेवले.

तोवर उजाडलं होतं. मावशी डालग्यांपाशी गेल्या, वाकून पाहिलं, आणि एक करडी गावरान कोंबडी बाहेर काढून काखेत घेतली.

"ही जायची नाही."

मी पुन्हा हाताने तपासलं. एकच बोट बसलं. तुरा फिका, सुकलेला. मी म्हणाले, "मावशी, ही अंड्यावर नाही. रोजचं चार रुपयांचं खाद्य खाते."

"अंड्यावर कशी असंल? महिन्यापूर्वी खुडूक बसली व्हती. ही नसंल तर पिल्लं कोण काढंल? तुझ्या त्या हैदराबादच्या काढत्यात का?"

मी गप्प झाले. त्यांचं खरं होतं. सुधारित जातीची कोंबडी सहसा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही, खुडूकपणा निवडीतूनच कमी केलेला असतो. तिची पिल्लं हवी तर पुन्हा हॅचरीत जायचं, पुन्हा पैसे मोजायचे, प्रवासात मरतुक सोसायची. खुडूक बसलेली कोंबडी अंडं थांबवते, खाणं कमी करते, तिची हाडं जवळ येतात, तुरा आकसतो. प्रशिक्षणात हे मला शिकवलं होतं. तरी त्या पहाटे बोटांनी एवढंच मोजलं की ती अंडं देत नाही. का देत नाही, हे मी विचारलंच नाही. मागच्या तीन वर्षांत मी किती घरांतून अशी पिल्लं सांभाळणारी कोंबडी विकायला लावली असेल, हे त्या अंगणात उभी असताना मनात आलं आणि अजूनही जात नाही.

मावशींनी तिच्या पायाला दोन लाल धागे बांधले.

मार्गशीर्ष लागायला आठवडा होता. तो लागला की घरोघरी गुरुवार धरतात आणि भाव पडतो, म्हणून व्यापाऱ्याला त्याच दिवशी बोलावलं. 20 कोंबड्या तीनशेने, 8 कोंबडे साडेचारशेने, एकूण 9,600 रुपये. त्याने सुरुवातीला अडीचशे सांगितले होते. सूनबाईंनी काटा आणवला आणि वजन करून दाखवलं. गाडी निघाली तेव्हा मावशी आत भांडी घासत होत्या, बाहेर आल्या नाहीत.

चौथ्या दिवशी मी फोन केला. अंडी 16. अठ्ठावीस पक्षी गेले आणि अंडं एकच कमी झालं. खाद्य मात्र सात किलोवरून चारवर आलं, आणि तेही बिनकणीचं. पुढे भाताची खाचरं मोकळी झाली तशा कोंबड्या बाहेर सोडायला लागले. त्या सांडलेले दाणे आणि किडे वेचतात, म्हणून संध्याकाळी अडीच किलो घातलं तरी पुरतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या टोपल्यात ठेवायला सांगितला. ज्या कोंबडीला हवा ती खाते.

जानेवारीत राणीखेत रोगाच्या लासोटा लसीसाठी पिल्लं मोजायला वाडीत गेले, तेव्हा मावशींच्या घरातही डोकावले. चुलीमागच्या कोपऱ्यात, भुसा भरलेल्या पाटीत ती करडी कोंबडी पंख पसरून बसली होती. पायात दोन लाल धागे. खाली ग्रामप्रियाची बारा अंडी. सूनबाईंनी कॅलेंडर दाखवलं, एकविसाव्या दिवसावर पेनाने गोल केलेला होता. मी माझ्या वहीत त्याच्या पुढच्या आठवड्यातली तारीख लिहून घेतली, लशीसाठी.