कॉलरवरचा बॅज आणि खिशातली वही

रोटोग्रॅव्ह्युअर मशीनवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने छापणाऱ्या मशीनवर, मला सतरा वर्षं झाली. भोसरीच्या एका कारखान्यात साबण-शाम्पूची पाकिटं छापतो. शाई पातळ करायला झटकन उडणारी दोन द्रावकं, टोल्युइन आणि इथाइल अ‍ॅसिटेट. पहिल्याला आमच्यात सगळे टोल्विनच म्हणतात. खाण्याच्या पाकिटांच्या शाईत ते चालत नाही, २०२० च्या भारतीय मानकाने बंद केलंय. म्हणजे वेफर खाणाऱ्याचा विचार झाला. आमचा माल साबणाचा.

दुपारनंतर डोकं जड झालं की आम्ही म्हणायचो, "आज चढली." वासावर जाऊन उपयोग नाही. नवीन पोराला दारातच झणका बसतो आणि तासाभरात तोच म्हणतो, कुठे काय येतोय वास?

दरवर्षी बाहेरची माणसं येऊन हवा मोजून जायची आणि शेरा यायचा, 'मर्यादेत'. मी सुरक्षा समितीत कामगारांच्या बाजूने होतो. २०२३ मध्ये तो रिपोर्ट मागून घेतला. कारखाने कायद्याच्या कलम १११-अ प्रमाणे कामगाराला अशी माहिती मागता येत होती. पंपाचा स्टँड लावला होता छापलेले रोल कापतात त्या स्लिटिंगच्या बाजूला, शटरजवळ. अहो, आम्ही जीव घाबरला की मोकळ्या हवेला जातो ती जागा!

बैठकीत म्हटलं, माणसाच्या अंगावर मोजू. साहेब म्हणाले, "मोजा, तुमच्या खर्चाने." नऊ जणांनी पाचशे-पाचशे काढले आणि बॅज मागवले.

बॅज म्हणजे बाटलीच्या मोठ्या झाकणाएवढी चकती, मागे क्लिप. आत कोळशाचा पातळ थर. पंप नाही, बॅटरी नाही. हवेतली वाफ आपसूक आत शिरते आणि कोळशाला धरून राहते. नंतर लॅबवाले ती सोडवून गॅस क्रोमॅटोग्राफ या वाफा वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर मोजतात. लावायचा कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरात. सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ मिनिटासकट लिहायची. आमची शिफ्ट बारा तासांची, म्हणून लॅबने सांगितलं की सहा तासांनी बॅज बदला. शिवाय एक कोरा बॅज त्याच दिवशी उघडून लगेच बंद करून पाठवायचा, म्हणजे वाटेत काही शिरलं तर कळतं.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. आमचे सगळ्यात जुने हेल्पर, त्यांना सगळे मामा म्हणतात, ते गळ्याचा रुमाल नाकावर बांधून काम करतात. संध्याकाळी बघतो तर रुमालाचं टोक बॅजवर. दिवसभर झाकलेला! "मामा, रुमाल काढा हो, त्याने वाफ अडत नाही." मामा म्हणाले, "माहितीय रे. सवय." ते बॅज फुकट गेले, पैसे पुन्हा गोळा केले.

दुसऱ्या फेरीला मी खिशात वही ठेवली. लॅबने सांगितलं नव्हतं, पण सगळ्यात कामाला आली ती वहीच. ११:४० ते ११:५५ सिलिंडर धुतला, मामा. १:१० शाई बदलली, बादली उघडी. ३:०० एक्झॉस्टचा बेल्ट तुटला. ३:३५ चालू. धुण्याच्या त्या पंधरा मिनिटांसाठी मामांना वेगळा बॅजही लावला.

टोल्युइनचे आकडे आले. ऑपरेटर म्हणून माझी बारा तासांची सरासरी ४१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४१ भाग), मामांची ६२. धुण्याच्या पाव तासाची १९०.

कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, जी भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीत आली, टोल्युइनला मर्यादा होती आठ तासांची सरासरी १०० आणि पंधरा मिनिटांसाठी १५०. तेही दिवसातून फार तर चारदा, मध्ये तासाचं अंतर ठेवून. साहेबांनी तिथेच मोबाईलवर हिशोब केला: ६२ गुणिले १२, भागिले ८, म्हणजे ९३. "आतच आहे की!"

मी वही उघडली. १९० चा तो पाव तास आठ तासांवर पसरला तर जेमतेम ६ पीपीएम भरतो. सरासरीत तो विरघळून जातो. मामांच्या डोक्यात मात्र विरघळत नाही, ते धुऊन झालं की भिंतीला धरून उभे असतात. आणि बारा तासांचं म्हणाल तर नुसते चार तास जास्त नाहीत, अंगातलं बाहेर पडायला मिळणारे तासही चार कमी. ब्रीफ-स्काला सूत्राने बारा तासांच्या पाळीला मर्यादा निम्मी होते, ५०. ते सूत्र काही आपला कायदा नव्हे, हे साहेबांनी लगेच सांगितलं. खरंच आहे. पण १५० च्या जागी १९० यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

मधेच कुणीतरी म्हणालं, लघवी तपासा, सोपं पडेल. आमच्या आरोग्य तपासणीच्या कॅम्पमध्ये टोल्युइनपासून अंगात तयार होणारं हिप्युरिक अ‍ॅसिड बघतात. पण सोडियम बेन्झोएट घातलेलं बाटलीतलं लोणचं किंवा सॉस खाल्ला तरी ते वाढतं. डब्यात लोणचं नाही असा माणूस आमच्याकडे शोधावा लागेल. टोल्युइनपासूनच बनणाऱ्या ऑर्थो-क्रेसॉलची तपासणी त्यापेक्षा खात्रीची, ती आमच्या कॅम्पच्या यादीत नव्हती.

दिवाळीनंतर धुण्याच्या टाकीला झाकण आणि वर डक्ट बसला. धूळ अडवणारे कापडी मास्क जाऊन वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचे आले. पुन्हा मोजलं. धुणं १९० वरून ८४. मामांची सरासरी ६२ वरून फक्त ५३, कारण उघड्या बादल्या तशाच होत्या आणि शिफ्टही बाराचीच. तो मुद्दा इतिवृत्तात तीनदा 'पुढील बैठकीत' असा लिहिला गेला.

मग आम्ही आणखी बॅज मागवले. या वेळी रात्रपाळीला लावायचे होते, शटर बंद असतं तेव्हा.