डिझायनरला हिशोब कोण शिकवणार?

थेबे मगूगू हे नाव मी पहिल्यांदा २०१९ मध्ये ऐकलं. साउथ आफ्रिकेतल्या किंबर्लीचा हा पोरगा, जोहान्सबर्गमध्ये स्वतःचं कपड्यांचं लेबल चालवत होता आणि त्याला एलव्हीएमएच प्राइझ, म्हणजे पॅरिसच्या एलव्हीएमएच या लक्झरी कंपनीचं तरुण फॅशन डिझायनर्ससाठीचं बक्षीस मिळालं, ते जिंकणारा पहिला आफ्रिकन! बक्षीस ३ लाख युरोचं, पण मला खरं भारी वाटलं ते सोबत मिळणारं वर्षभराचं मेंटॉरिंग. कारण एक ड्रेस सुंदर शिवणं वेगळं आणि त्याच फिनिशिंगचे दोनशे पीस वेळेत देणं वेगळं. दुकानं ऑर्डर देतात पण पैसे बऱ्याचदा माल पोचल्यावर, मग कापड, कारागिरांची मजुरी सगळं आधी स्वतःच्या खिशातून घालायचं, आणि किंमत लावताना आपली मेहनत धरायचीच राहून जाते. हे कोणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं हो.

नायजेरियात ओमोयेमी अकेरेले यांनी २०११ मध्ये लागोस फॅशन वीक सुरू केला, पण त्याच्या आधीच डिझायनर्सना धंद्याचं मार्गदर्शन करणारी स्टाइल हाउस फाइल्स ही संस्था उभी केली होती. रॅम्पच्या आधी पाया, हा क्रम मला फार पटला. पॅरिसचं बक्षीस वर्षाला एखाद्यालाच, बाकीच्यांना आपल्याच शहरात असं कोणीतरी हवं ना.