वेब म्हणजे जाळं नाही हो, कापड!

वेबला आपण मराठीत जाळं म्हणून मोकळे झालो, महाजाल काय, आंतरजाल काय, पण मुळात तो शब्द मासे धरायच्या जाळ्याचा नाहीच, तो लूमवरचा आहे. जुन्या इंग्लिशमध्ये वेब म्हणजे सरळसरळ विणलेलं कापड, कोळी किड्याचं घर हा अर्थ नंतर चिकटला, आणि १९९० मध्ये टिम बर्नर्स-लीनं आपल्या प्रोजेक्टला वर्ल्ड वाइड वेब नाव दिलं तोवर कापड बिचारं कुणाच्या डोक्यातही राहिलं नव्हतं. आइसलँडवाले मात्र अजून इंटरनेटच्या वेबला वेवूर म्हणतात, आणि विणलेल्या कापडालाही वेवूरच!

विणणे म्हणजे इंग्लिशमध्ये वीव्ह, जर्मनमध्ये वेबन, डचमध्ये वेवन, सगळी एकाच घरातली. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात मागावरची कांडी संपली की जो आडवा धागा तुटतो ना, बाणा, त्याला इंग्लिशमध्ये वेफ्ट म्हणतात, तोही ह्यांचाच भाऊबंद. जर्मनांचा वेबर म्हणजे आपला साळी. वेबस्टर तर अजून भारी, कारण शेवटचं स्टर हे जुन्या इंग्लिशमध्ये बाईचं काम सांगायला लावायचे, सूत कातणारी ती स्पिनस्टर तशी विणणारी ती वेबस्टर. म्हणजे १८२८ ची ती जाडजूड डिक्शनरी काढणाऱ्या नोहा वेबस्टरच्या आडनावात कुणीतरी विणकर बाई बसलीय की! (वाफलसुद्धा ह्याच खानदानातला, जर्मनमध्ये मधाच्या पोळ्याला वाबं म्हणतात, त्या चौकटी बघा.)

हे सगळं तिकडचं म्हणून सोडून द्यावं तर संस्कृतातही धागा निघतो. कोळ्याला जुना शब्द ऊर्णवाभि, ऊर्णा म्हणजे लोकर, आणि वाभि त्याच विणण्याच्या धातूचा. पुढं लोकांना वाभि कळेना झालं तसं त्याचं नाभि केलं, म्हणून मुंडकोपनिषदात ऊर्णनाभि दिसतो. आणि ऊर्णा म्हणजे इंग्लिश वूल, जर्मन वोलं, तेही एकच.

मला खरी गंमत वाटते ती कोळ्याच्या नावांची. मराठीत तो मासे धरणारा, त्यामुळं वेबचं जाळं होणारच, दुसरं काय होणार. पण आपल्या पूर्व भागात घराघरात तेलुगू बोलतात, त्यांना विचारा, ते सालेपुरुगु म्हणतील, साले म्हणजे विणकर आणि पुरुगु म्हणजे किडा, विणकर किडा! सोलापूरकरांनी वेबचं भाषांतर केलं असतं तर जास्त बरोबर झालं असतं असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मनांचा कोळी सूत कातणारा, श्पिनं. डॅनिश लोकांचं कायतरी वेगळंच, ते एडरकोप म्हणतात, म्हणजे विषारी डोक्याचा, आणि इंग्लिशमध्ये जळमटाला कॉबवेब म्हणतात त्यातला कॉब हा तोच कोप.